रेकॉर्डिंगमधलं सभागृह कसं ऐकावं

हेडफोन लावा. फरशीच्या दिवाणखान्यात स्पीकरवर ऐकलंत तर स्वतःच्याच भिंती ऐकाल. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेली फाइल घेऊ नका. ‘डोळे मिटा आणि अनुभवा’ हा सल्ला तर सोडूनच द्या, त्याने कानाला काही कळत नाही.

आधी बेथोव्हेनचं ‘कोरिओलान’ ओव्हर्चर, म्हणजे नांदीवजा वाद्यवृंदरचना, लावा. सुरुवातीलाच तंतुवाद्यांचा लांब स्वर, मग सगळ्या वाद्यवृंदाचा एक आघात, मग शांतता. त्या शांततेत जी घुमक विरत जाते, ते सभागृह. व्हिएन्नाच्या १८७० सालच्या म्युझिकफेराइनमध्ये खुर्च्या भरलेल्या असतानाही विरायला सुमारे २ सेकंद लागतात.

आता आपलं गाणं. इथे मी कित्येक महिने फसलो. गवई समेवर येऊन थांबला की मागे उरणारा भरीव नाद मला सभागृहाचा वाटायचा. तो तानपुऱ्याचा होता! खयालात रिकामी शांतता मिळतच नाही, त्यामुळे स्वर थांबायची वाट पाहू नका. डग्ग्यावरही विसंबू नका, ‘घे’ची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, डग्ग्याची स्वतःची असते. तबल्याचं ‘तिरकिट’ पकडा. हे बंद बोल, हात पडताच पुडीवर, म्हणजे तबल्याच्या चामड्यावर, नाद मरतो. चारही अक्षरं सुटी, टणक ऐकू आली तर जागा कोरडी. एकमेकांच्या अंगावर सांडली तर घुमणारी. मात्र माइक तबल्याच्या अगदी तोंडाशी असेल तर घुमणारी जागाही कोरडीच वाटते.

दुसरी फसगत मिक्सरवरच्या रिव्हर्बची, म्हणजे यंत्राने घातलेल्या घुमकेची. सवाई गंधर्व महोत्सव मांडवात होतो. तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये गळ्यामागे गाभाऱ्यासारखी घुमक असेल तर ती यंत्राची. एरवी शंका आली तर श्रोत्यांतला खोकला ऐका आणि टाळ्यांच्या कडकडाटाआधीची पहिली, एकटी टाळी ऐका. सभागृह गळ्याला घुमवतं तसं खोकल्यालाही घुमवतं. गळ्यामागे लांब शेपटी आणि खोकला ठार कोरडा, म्हणजे घुमक नंतर ओतलेली. मी तर आता रेकॉर्डिंगचा शेवट आधी ऐकतो. टाळ्या कापून टाकणारे संपादक नेमका हाच पुरावा घालवतात, याचा मला मनापासून राग येतो.

कान बसला की पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात मैफलीच्या बऱ्याच आधी जा. साउंडचेकचं ‘तिरकिट’ लक्षात ठेवा आणि खुर्च्या भरल्यावर पुन्हा ऐका. माणसं आणि कपडे नाद पितात. डिसेंबरात, अंगावर शाली असताना, जास्तच.