एकच डोळा दुखतोय? डॉक्टरांकडे जाण्याआधी हे बघून घ्या

नाशिकच्या कॉलेज रोडवर मी डोळ्यांचे नंबर काढते. संध्याकाळी क्लासची मुलं येतात, सुट्टीच्या दिवशी सातपूर-अंबडचे कामगार येतात, अधूनमधून निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार. त्यांतले बरेच जण खुर्चीत बसतानाच सांगतात, "मॅडम, मोबाइल फार झालाय, म्हणून डावा डोळा दुखतोय." मला हे कारण लगेच पटत नाही. जवळचं वाचताना दोन्ही डोळ्यांना मेंदूकडून एकच हुकूम जातो आणि दोघंही सारखाच जोर लावतात. त्यामुळे स्क्रीनने डोळे थकले, तर सहसा दोन्ही थकतात. एकच डोळा कुरकुरत असेल, तर त्या बाजूला वेगळं काहीतरी आहे. ते काय, याचा अंदाज घरीच बराचसा येतो.

आधी एकेक डोळा झाकून बघा. चष्मा असेल तर तो लावूनच. भिंतीवरच्या कॅलेंडरपासून आठ-दहा फुटांवर बसा आणि तळहाताची वाटी करून एक डोळा झाका. डोळा दाबू नका. दाबलेल्या डोळ्याला थोडा वेळ अंधूकच दिसतं आणि सगळी तपासणी फसते. तारखेखालची बारीक अक्षरं दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात का? मग दाराची चौकट बघा: कडा सरळ दिसते की मध्येच वाकते? शेवटी कुंकवाची डबी किंवा लाल रंगाची कुठलीही वस्तू घ्या. एका डोळ्याला लाल रंग फिका, धुऊन निघाल्यासारखा दिसत असेल किंवा कडा वाकलेली दिसत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, नेत्रतज्ज्ञ गाठा. फिका रंग आणि बुबुळ फिरवताना आत दुखणं ही डोळ्याच्या नसेला सूज आल्याची खूण असू शकते, आणि हे तरुणांमध्येही होतं.

फक्त अक्षरं कमी-जास्त दिसत असतील, तर बहुधा दोन डोळ्यांच्या नंबरात फरक आहे. हुकूम एकच असल्यामुळे दोन्ही डोळे एकाच वेळी नीट जुळत नाहीत, आणि दिवस संपेपर्यंत भुवई जड होते. असा फरक माणसाच्या वर्षानुवर्षं लक्षात येत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा निभावून नेतो. लहान मुलांच्या बाबतीत मी हात जोडून सांगते: एक डोळा झाकल्यावर मूल चिडून हात बाजूला करत असेल, तर लगेच तपासून घ्या. आळशी डोळ्यावरचा (मेंदू ज्याचा वापर टाळतो आणि ज्याची नजर त्यामुळे कमी राहते, असा डोळा) उपचार जितक्या लहानपणी सुरू होईल, तितका चांगला लागू पडतो.

नंबर बरोबर असेल, तर चष्मा बघा. आपण बहुतेक जण तो एकाच हाताने काढतो, आणि हळूहळू एक काडी फाकते. फ्रेम टेबलावर उलटी ठेवा. डुगडुगली तर ती वाकडी झालीय. मग काचेचा मध्य बुबुळासमोर राहत नाही. सिलिंडरचा (ठरावीक कोनात बसवावा लागणारा) नंबर असणाऱ्यांनी आणखी एक करावं: चष्मा डोळ्यांवर ठेवूनच ती बाजू किंचित वर-खाली तिरकी करून बघावी. तिरकी केल्यावर जास्त स्वच्छ दिसलं, तर ॲक्सिस, म्हणजे त्या नंबराचा कोन, पुन्हा तपासायला हवा. फ्रेम सरळ करून घ्यायला पाच मिनिटं लागतात.

आता दुखतं कधी, ते आठवा. सकाळी उठल्यावर वाळू गेल्यासारखं खुपतं आणि दुपारपर्यंत कमी होतं? मग झोपेत ती पापणी पूर्ण मिटत नसेल आणि पंख्याचा वारा थेट लागत असेल. घरच्यांना रात्री बघायला सांगा. दुखणं संध्याकाळी वाढतं? मग ऑफिसात एसीचा झोत कुठल्या बाजूने येतो आणि मॉनिटर तिरका आहे का, ते बघा. स्क्रीनकडे बघताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते. त्यात एकाच बाजूने वारा लागला, की तो डोळा आधी कोरडा पडतो. मॉनिटर समोर आणि नजरेच्या थोडा खाली घ्या, दर 20 मिनिटांनी 20 फुटांपलीकडे 20 सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. पापणीच्या कडेला गाठ किंवा रांजणवाडी असेल, तर कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने पाच-दहा मिनिटं शेक द्या. गाठ फोडू नका.

कारखान्यात आणि बागेत काम करणाऱ्यांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. ग्राइंडरचा कण बुबुळावर रुतला, तर शेजारचा कामगार रुमालाच्या टोकाने तो काढायला जातो. तसं करू देऊ नका. लोखंडाचा कण काही तासांतच गंज सोडायला लागतो, आणि तो डॉक्टरांनी भिंगाखालीच काढायला हवा. द्राक्षाची काडी किंवा पान लागून डोळा दुखायला लागला, तर बुबुळावर बुरशीची जखम होऊ शकते. तिथे मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले, तर दोन दिवस बरं वाटतं आणि जखम आत पसरत जाते. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पेस्टिंगचं (डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावतात ते) किंवा फवारणीचं औषध डोळ्यात उडालं, तर आधी वाहत्या स्वच्छ पाण्याखाली पापण्या उघड्या धरून किमान 15 ते 20 मिनिटं डोळा धुवा आणि मगच गाडीत बसा. दूध, मध, तूप, गुलाबपाणी यांतलं काहीही डोळ्यात घालू नका.

काही लक्षणांत मात्र दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. डोळा लाल होऊन खोल ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, उलटी होतेय: हा काचबिंदूचा झटका असू शकतो. उजेड सहन होत नाही, नजर अचानक कमी झाली, चमका किंवा पडदा सरकल्यासारखं दिसतं, कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखतोय (लेन्स ताबडतोब काढा), कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड आलेत. पन्नाशीनंतर कानशील दुखून घास चावताना जबडाही दुखत असेल, तर तेही आजच दाखवा. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये जा, पण आजच जा.

यांतलं काहीच नसेल, पण वारा, फ्रेम, मॉनिटर सगळं सुधारूनही आठवड्याभरात फरक पडला नाही, तरीही तपासणी करून घ्याच. जाताना जुना चष्मा, नंबराचा जुना कागद आणि घातलेल्या प्रत्येक थेंबाची बाटली सोबत न्या. तपासणीत डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घातले, तर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाने डोळे दिपतात, म्हणून गाडी चालवायला कुणालातरी बरोबर घ्या.