विज्ञानाचे दिनविशेष लिहायचेत? आधी तारीख कशी तपासायची ते बघा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणाला शाळेच्या फळ्यावर, मंडळाच्या बोर्डवर नाहीतर ग्रुपवर विज्ञान-गणिताचे दिनविशेष टाकायचे असतील तर त्यांच्यासाठी हे लिहितोय. पोरं फळ्यावरचं खरं मानतात, म्हणून तारीख तपासल्याशिवाय खडू उचलायचा नाही.

पहिलं काम म्हणजे आलेला मेसेज तोडायचा. कोण, कुठं, कधी, नेमकं काय केलं, हे सगळं सुटं करायचं आणि एकेक तपासायचं. १८ ऑगस्टचंच घ्या की. मेसेज फिरतो की १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला. त्या दिवशी भारतात खग्रास सूर्यग्रहण झालं, हे पक्कं खरं. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता, आणि सूर्याच्या प्रकाशातली ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखला, ती त्यानं तिथूनच २० ऑक्टोबरला बघितली, तेही ग्रहण नसताना. विजयदुर्गला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, रॅमसे या रसायनशास्त्रज्ञाला. म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी एका तारखेत कोंबल्यात.

मग १८ ऑगस्ट पुसायचा का? अजिबात नाही, उलट आपल्या भागानं तर तो मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे! त्याच दिवशी जमखंडीत, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, आता बागलकोट जिल्ह्यात येतं ते, लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, लावून बसला होता. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. ढग आडवे येत होते तरी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशात त्याला ठळक रेषा दिसल्या, आणि त्यावरून कळलं की त्या ज्वाळा म्हणजे तापलेला वायू आहे. एवढी मोठी गोष्ट आपल्या शेजारी घडली आणि आपण विजयदुर्गचा चुकीचा मेसेज पुढं ढकलतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. फळ्यावर असं लिहा: "१८ ऑगस्ट १८६८, खग्रास सूर्यग्रहण, जमखंडीतून वर्णपटाचं निरीक्षण."

दुसरं, नुसतं साल माहीत असेल तर नुसतं सालच लिहा. आपल्याकडं कितीतरी आजोबांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच घातली. जुन्या गणितींचंही तसंच झालंय, कुणीतरी एक दिवस ठरवला आणि तो चिकटला. भास्कराचार्यांनी स्वतः श्लोकात सांगितलंय, "रसगुणपूर्णमही" शके, म्हणजे रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १, हे उलटं वाचून शके १०३६, इ.स. १११४. बस, दिवस नाही. गावाबद्दल तर आपल्याकडं दोन्ही बाजूंनी मेसेज येतात, कन्नड मित्र विजयपूर म्हणतात, मराठीवाले चाळीसगावजवळचं पाटण, आणि पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे हेही खरं. फळ्यावर दोन्ही दावे लिहा, पोरांना वाद घालू दे की. आर्यभटाचंही साल तेवढं पक्कं, ४७६.

जुन्या युरोपातल्या तारखांना कॅलेंडर कुठलं ते बघायचं. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, असं सगळीकडं लिहितात. गॅलिलिओ गेला ८ जानेवारी १६४२ ला, ते नव्या, म्हणजे आज आपण वापरतो त्या कॅलेंडरप्रमाणे. न्यूटनचा २५ डिसेंबर १६४२ हा इंग्लंडच्या जुन्या कॅलेंडरचा, नव्याप्रमाणे तो ४ जानेवारी १६४३ होतो. एकाच कॅलेंडरनं मोजलं की वर्ष बदलतं, जमलेला योगायोग गेला. हॉकिंगचा योगायोग मात्र खरा आहे, तो जन्मला ८ जानेवारी १९४२ ला, गॅलिलिओ गेल्यावर बरोबर तीनशे वर्षांनी.

आणि दिवस कशाचा आहे तेही नीट लिहा. २८ फेब्रुवारी ही रामन यांची जयंती नाही, ती ७ नोव्हेंबरला असते. २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणामाचा शोध म्हणून तो विज्ञान दिन. २२ डिसेंबर मात्र रामानुजन यांची जयंतीच, १८८७ ची. १९ जुलै विसरू नका, जयंत नारळीकर, १९३८, कोल्हापूर.

राहिले मानलेले दिवस. ते जरूर करा, फक्त खाली "हिशोबानं काढलेला" असं लिहा. पाय (π, म्हणजे ३.१४) दिवस १४ मार्चला येतो तो अमेरिकेत महिना आधी लिहितात म्हणून, आपल्याला २२/७ म्हणजे २२ जुलै जास्त जवळचा वाटतो. पोरांना सगळ्यात आवडेल तो कापरेकरांचा ६१७४ वा दिवस. देवळालीत शिकवणाऱ्या कापरेकरांचा हा आकडा: चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं मांडून त्यातून चढता क्रम वजा करा, आलेल्या उत्तराला परत तेच (उत्तर तीन अंकी आलं तर आधी शून्य लावून चार अंकी करा), जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतं. आता एक्सेलमध्ये जन्मतारखेत ६१७४ मिळवा. सोळा वर्षं आणि साधारण अकरा महिने होतात, म्हणजे बरोबर पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) वयात. १ जून २००९ चा जन्म असेल तर २७ एप्रिल २०२६. वर्गातल्या प्रत्येकाची तारीख काढून यादी भिंतीवर लावा, आणि ज्याचा दिवस असेल त्यानंच त्या दिवशी फळ्यावर वजाबाकी करून दाखवायची.