योगशिक्षकांनी स्वतःसाठी सजगता कशी साधावी

पहाटे सहाची बॅच, सातची बॅच, मग कुणाच्या तरी घरी जाऊन शिकवणं, आणि रात्री परदेशातल्या लोकांसाठी ऑनलाइन वर्ग. जून उजाडला की 21 तारखेच्या योग दिनाच्या तालमी वेगळ्या. वर ऐकून घ्यायचं, ‘तुम्हाला कसला आलाय ताण, तुम्ही तर योगा शिकवता!’

वेळ नसतो हे खरंच आहे, पण शिक्षकाची खरी गोची नजरेत असते. दिवसभर आपण चुका हेरतो: याचा गुडघा वाकलाय, त्यांचे खांदे कानाशी आलेत. डोळे मिटून बसलं की तीच नजर स्वतःवर येते. श्वास उथळ आहे, लांबव. पाठ सैल पडली, ताठ कर. सजगतेत, म्हणजे माइंडफुलनेसमध्ये, नेमकं हेच थांबवायचं असतं. अमेरिकी संशोधक आणि ध्यानशिक्षक जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणावरचा जो आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, त्याचा भर निवाडा न करता लक्ष देण्यावर आहे. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात सुरुवातीला शिकवतात ती आनापानही हेच सांगते: श्वास जसा आहे तसा बघा, त्याला वळण लावू नका. प्राणायाम शिकवणाऱ्याला हे भलतंच जड जातं.

म्हणून सुरुवात बसण्यापासून करूच नका, पायांपासून करा.

वर्गाआधी. गाडी लावली, हेल्मेट काढलं की मोबाइल सायलेंट करून मिनिटभर नुसतं उभं राहा. ताडासन नको, साधं उभं राहणं. तळपायाचा कोणता भाग जमिनीवर जास्त दाबला जातोय? टाच, की अंगठ्याखालचा उंचवटा? वजन डावीकडे असेल तर असू द्या. सरळ करायला हात शिवशिवतील; ती शिवशिव लक्षात आली की त्या मिनिटाचं काम झालं.

शिकवताना. ‘श्वास घेत हात वर’ असं दिवसाकाठी शेकडो वेळा म्हणताना आपला स्वतःचा श्वास बोलण्यातच खर्च होतो. सगळे पश्चिमोत्तानासनात स्थिर झाले की पुढची सूचना घाईने देऊ नका. वाक्य पुरं करा, गप्प राहा, आपला एक श्वास येऊन जाऊ द्या आणि मग बोला. वर्गालाही ती शांतता हवीच असते, हा वरचा फायदा.

शवासनाची पाच-सात मिनिटं मात्र बहुतेक जण फुकट घालवतात. विद्यार्थी आडवे झाले की आपण मोबाइल उघडतो: फी कुणाची आली, उद्या कोण येणार नाही. तो पिशवीत राहू द्या. भिंतीला पाठ टेकून बसा. डोळे उघडेच ठेवा, कारण वर्गाची जबाबदारी तुमची आहे. खोलीतले आवाज ऐका: पंखा, बाहेरचा कुकर, कुणाचं घोरणं. मन संध्याकाळच्या बॅचकडे पळेल. पळालं हे कळलं की परत पंख्याकडे या. असं पन्नासदा झालं तरी सराव बिघडत नाही. परत येणं हाच सराव.

दोन बॅचच्या मध्ये. गाडी चालवताना ध्यान वगैरे काही करू नका, लक्ष रस्त्यावर हवं. लाल सिग्नलला थांबलात की हँडलवरची पकड आणि दातांवर आवळलेले दात तेवढे जाणवून घ्या. नाश्ता उभ्याने उरकत असाल तर निदान पहिले दोन-तीन घास बसून खा, पोह्यातला दाणा दाताखाली येतो ते कळेल इतक्या सावकाश. मेसेजना उत्तरं द्यायच्या दोन वेळा ठरवा आणि ग्रुपवर सांगून टाका. ‘मॅडम, आजची बॅच मिस झाली, भरून द्याल का?’ याला रात्री अकरा वाजता उत्तर देण्याची गरज नसते.

झोपण्यापूर्वी. दहा मिनिटं आडवं होऊन पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत क्रमाने लक्ष न्या. योगनिद्रेतल्या सूचना मनात म्हणू लागाल, कारण त्या तोंडपाठ आहेत. ‘सैल सोडा’ असं मात्र म्हणू नका. पोटरी दुखत असेल तर दुखते एवढंच बघा. मध्येच झोप लागली तर उत्तम.

काहींना डोळे मिटून श्वासाकडे बघितलं की उलट घाबरल्यासारखं होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून तळपायांवरच राहावं. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, तर डॉक्टरांकडे जा. ‘मी योगशिक्षक, मी कसं जाऊ’ हा संकोच कामाचा नाही. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा 14416 वर फुकट बोलते, मराठीतही.

आणि बॅच खरोखरच जास्त झाल्या असतील तर सजगतेने त्या कमी होणार नाहीत. महिनाअखेरीस वही काढा, येण्याजाण्यात सर्वांत जास्त वेळ खाऊन सर्वांत कमी पैसे देणारी शिकवणी शोधा आणि पुढच्या महिन्यापासून ती बंद करत असल्याचं त्यांना आत्ताच कळवा.