गावातील जनावरांना परवडणारे उपचार मिळावेत यासाठी

एका गायीसाठी तालुक्याहून डॉक्टर बोलावायचे म्हटले की येण्याजाण्याचा खर्च औषधापेक्षा जड होतो आणि ‘उद्या बघू’ म्हणता म्हणता आजार हाताबाहेर जातो. म्हणून गावाने सर्वप्रथम जनावरांची एक सामाईक वही घालावी आणि जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून डॉक्टरांनी गावात येण्यासाठी महिन्यातील एक दिवस ठरवून घ्यावा. वहीत कानातील बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक, लस, जंतनाशक आणि रेतन यांच्या तारखा असाव्यात. गावात पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचे प्रशिक्षण घेतलेली गावातलीच महिला, असेल तर हे काम तिच्याकडेच सोपवावे, कारण घरोघरच्या शेळ्यांची खरी माहिती बायकांकडे असते.

त्या दिवशी जनावरे बांधण्यासाठी लोखंडी खोडा हवा. दोरखंडाने पाडून उपचार करताना गाभण जनावराला इजा होते, आणि ती टाळता येण्यासारखी असते.

लाळ्या-खुरकूतची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून दर सहा महिन्यांनी मोफत मिळते. सांसर्गिक गर्भपाताची लस 4 ते 8 महिने वयाच्या मादी वासरांना एकदाच दिली जाते. घटसर्प, फऱ्या आणि शेळ्यांचा आंत्रविषार यांच्या लसी मृगापूर्वी उरकाव्यात. बीड, धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बैलांचे लसीकरण मात्र दसऱ्याच्या बरेच आधी व्हावे, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात आणि कारखान्याच्या तळावर अनेक गावांची जनावरे एकत्र येतात.

जंतनाशकावरचा पैसा सर्वाधिक वाया जातो तो अंदाजाने डोस दिल्यामुळे. वजनकाटा नसला तरी शिंप्याचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे व 660 ने भागावे, म्हणजे किलोमधील अंदाजे वजन मिळते. घेर 60 आणि लांबी 50 इंच असलेली देवणी गाय सुमारे 273 किलोची भरते. नुकत्याच गाभण राहिलेल्या जनावराला अल्बेंडाझोल देऊ नये.

गोचिडांसाठी केवळ अंगावर औषध लावून भागत नाही. त्यांची अंडी गोठ्याच्या भेगांत असतात, त्यामुळे भिंती लिंपून घेणे हाही उपचारच आहे.

कामाच्या बैलांबाबत ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवणारे 1965 चे केंद्रीय नियम स्पष्ट आहेत: दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, तसेच तापमान 37 अंशांच्या वर असताना दुपारी 12 ते 3 या वेळेत बैल जुंपू नयेत. मराठवाड्यातील चैत्र-वैशाखात हा नियम जवळजवळ रोजच लागू होतो. खांदा सुजला असेल तर जू ठेवूच नये.

कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाऊन किराळ (अशा ज्वारीतील विषाची बाधा) लागली, अथवा पोट फुगून श्वास अडू लागला, तर 1962 या निःशुल्क क्रमांकावर फोन करून फिरते पथक मागवावे. डॉक्टर पोहोचेपर्यंत नळीने किंवा बाटलीने तोंडात काहीही ओतू नये. ते फुप्फुसात उतरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेची गरज पडल्यास परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. गाडी भरण्यापूर्वी तिथे फोन करावा आणि वहीतील त्या जनावराचे पान सोबत न्यावे.