५०० विमानांची बातमी आली म्हणून लगेच मशीन बुक करू नका: विमान कंपन्यांच्या ऑर्डरी आणि त्यांचा उशीर कसा वाचायचा

जून २०२३ ची गोष्ट. पॅरिसच्या एअर शोमध्ये इंडिगोनं एअरबसला एकदम ५०० विमानांची ऑर्डर दिली आणि संध्याकाळी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या मशीन शॉपच्या शेडमध्ये भाचा मोबाईल नाचवत आला, मामा ५०० विमानं म्हणालेत, आता अजून एक व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन, टाकूया की. त्याच वर्षी फेब्रुवारीत एअर इंडियानं ४७० सांगितलेलीच होती, २५० एअरबस आणि २२० बोइंग. त्याचं गणित असं की एकेका विमानात लाखो पार्ट, त्यातले चार जरी आपल्याकडं आले तरी बास. मी म्हटलं बातमी खालपर्यंत वाच. खाली होतं, ही विमानं २०३० ते २०३५ या काळात मिळणार. बँकेचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून चालू.

बेळगावजवळ हत्तरगीला विमानाचे पार्ट बनवणाऱ्या एकस कंपनीची सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) झाल्यापासून आपल्याकडं ही भाषा सगळ्यांच्या तोंडात बसलीय, फाउंड्रीवाले, हायड्रॉलिकवाले, डिप्लोमा झालेली पोरं, सगळे एअरबस-बोइंग बोलतात. बोलायला काय, पण बातमी वाचायची कशी ते कुणी सांगत नाही म्हणून मला जमतंय तेवढं सांगतो.

पहिलं म्हणजे ऑर्डर आणि डिलिव्हरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं करा. ऑर्डर म्हणजे साखरपुडा, आणि यात साखरपुडा मोडतोही, पुढंही ढकलतो. विमान बनवणाऱ्या कंपनीला पैशाचा मोठा हिस्सा विमान ताब्यात दिलं की मिळतो, म्हणून डिलिव्हरीचा आकडा बघायचा. एअरबसनं २०१९ ला ८६३ विमानं दिली होती, कोविड येऊन गेला तरी तो आकडा अजून परत गाठलेला नाही, २०२४ ला ७६६ आणि २०२५ ला ७९३. बोइंगनं २०१८ ला ८०६ दिली होती, मग २०२० ला १५७ वर आली, २०२४ ला ३४८ आणि २०२५ ला ६००. एवढे आकडे बघितले तरी कोण पुढं आणि कोण कुठं घसरलं ते कळतं, लांबलचक लेख वाचायची गरज नाही.

मग शिल्लक बघा, ज्याला बॅकलॉग म्हणतात. २०२४ संपताना एअरबसकडं ८,६५८ विमानं द्यायची बाकी होती. भागिले ७६६ करा, अकरा वर्षांचं काम. हे बघून पोरं म्हणतात वा, अकरा वर्षं काम फिक्स. नाही ओ! याचा दुसरा अर्थ असा की गिऱ्हाईक रांगेत उभं आहे आणि दुकानदाराच्या हातून माल निघत नाही. काम आहे म्हणजे काम तुमच्यापर्यंत येतंय असं नसतंय.

अजून एक, एका महिन्याच्या आकड्यावर उड्या मारू नका. एअरबसनं डिसेंबर २०२४ ला १२३ विमानं दिली आणि लगेच जानेवारीत २५. कंपनी बुडाली का? वर्षअखेर गाठायला सगळं डिसेंबरात ढकलतात, आपण मार्च एंडला बिलं काढतो तसंच. बघायचं तर मागच्या वर्षीचा तोच महिना शेजारी ठेवून बघा.

आता मशीन शॉपवाल्यानं खरोखर बघायचा आकडा म्हणजे महिन्याचा रेट, कुठलं मॉडेल महिन्याला किती बनतंय. बोइंग ७३७ मॅक्सला जानेवारी २०२४ नंतर अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेनं महिन्याला ३८ ची मर्यादा घातली, ती ऑक्टोबर २०२५ ला ४२ झाली. ऑर्डर हजारोंच्या असू देत, लाईनवरून ३८ च्या वर निघू शकत नव्हती. तुमचा पार्ट एका विमानाला ४ लागत असेल तर ३८ गुणिले ४, महिन्याला १५२ नग. त्यात तोच पार्ट अजून कोण बनवत असेल तर निम्मे गेले. त्यात तुम्हाला काम देणाऱ्या वरच्या कंपनीकडं सहा महिन्यांचा स्टॉक पडून असेल तर तुम्हाला सहा महिने शून्य, विमानं निघत असली तरी शून्य.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीय. काही वर्षांपूर्वी मधल्या एका कंपनीनं मला फोरकास्टचा, म्हणजे पुढच्या मागणीच्या अंदाजाचा, कागद दिला, एका ब्रॅकेटचे महिन्याला तीनशे नग, तीन वर्षं. मी त्या कागदावर कर्ज काढून मशीन आणलं, दोन पोरं ठेवली, पार्ट पकडायचं फिक्स्चर केलं. पीओ, म्हणजे खरी खरेदी ऑर्डर, आली चाळीस नगांची. विचारलं तर म्हणे वर रेट कमी केलाय. कंपनी कुठली ते सोडा, तिनं फसवलं असं पण मी म्हणत नाही, कागदावर वरतीच फोरकास्ट लिहिलेलं होतं, वाचणारा मीच आंधळा. ते मशीन नंतर वर्षभर पंपाच्या बॉडी मारत बसलं म्हणून हप्ते निघाले.

उशिराची बातमी आली की मात्र विचारायचं, अडलंय कशात? कारणावरून उशीर किती लांबेल ते बऱ्यापैकी कळतं. संप असेल तर तो मिटतो, बोइंगच्या सुमारे ३३ हजार कामगारांचा २०२४ चा संप सप्टेंबरात चालू झाला आणि नोव्हेंबरात संपला. मान्यता म्हणजे सर्टिफिकेशन अडलं तर वर्षं मोजायची, बोइंगचं ७७७एक्स २०१३ ला जाहीर झालं, २०२० ला द्यायचं होतं, आता २०२७ सांगतात. इंजिन अडलं तर सगळ्यात वाईट, कारण विमान पूर्ण तयार आणि पंखाखाली जागा रिकामी, असल्या विमानांना त्या धंद्यात ग्लायडरच म्हणतात. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत धातूच्या पावडरचा दोष २०२३ ला बाहेर आला, इंडिगोची सत्तरच्या आसपास विमानं जमिनीवर बसली. मे २०२३ ला गो फर्स्ट या विमानसेवेनं दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा बोट त्याच इंजिनांकडं दाखवलं. आणि हे काय नवीन नाही, १९७१ ला रोल्स-रॉइस एका इंजिनापायी दिवाळखोरीत गेली आणि तेच इंजिन लागणारं लॉकहीडचं ट्रायस्टार विमान लटकलं.

मला स्वतःला आवडणारं उदाहरण एअरबसच्या ए३८० चं. एका विमानात पाचशे किलोमीटरच्या वर वायर, म्हणजे बेळगावहून बंगळूरपर्यंत अंथरली तरी थोडी उरेल. हॅम्बुर्गवाले डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन वापरत होते आणि तुलूजवाले नवीन. वायरचे गठ्ठे जर्मनीतून फ्रान्सला आले आणि बसवायला गेले तर कमी पडले. २००६ ला उशीर जाहीर झाला, मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात २६ टक्के पडला, साहेब लोकांना घरी जावं लागलं. जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान आणि अडलं कशात तर वायर आखूड पडण्यात. बोइंगचं ७८७ तसंच, ८ जुलै २००७ ला थाटात लोकांपुढं आणलं, आत जवळजवळ मोकळं आणि बरेच बोल्ट तात्पुरते. पहिलं विमान गिऱ्हाइकाला मिळालं सप्टेंबर २०११ ला, तीन वर्षांवर उशीर. कामं जगभर वाटली होती आणि तिकडून आलेले भाग अर्धवट होते. बोल्ट मिळत नव्हते म्हणून विमान थांबलं हे उद्यमबागेत सांगितलं की लोक हसतात. पण डिसेंबर २०२५ ला एअरबसनं वर्षाचं टार्गेट ८२० वरून ७९० केलं ते एका सप्लायरच्या फ्युजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, पत्र्यांपायीच की.

यातून आपल्या कामाची गोष्ट येते ती कागदाची. आमचं ब्रॅकेट तळहाताएवढं, ७०७५ अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढायचं, ठोकळ्यातलं दहातलं नऊ वजन चिप्सच्या ड्रममध्ये जातं आणि हातात राहतं ते पापडासारखं हलकं. एकदा पूर्ण लॉट ओके, मापं तपासणाऱ्या सीएमएम मशीनचा रिपोर्ट ओके, बॉक्स पॅक, आणि परत आला. कारण टीसीवरचा (मटेरियलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा) हीट नंबर, म्हणजे धातूच्या वितळणीचा नंबर, आणि आमच्या रूट कार्डवरचा, म्हणजे पार्टबरोबर फिरणाऱ्या कामाच्या नोंदीवरचा, हीट नंबर यात एक अंक वेगळा. पोरानं ३ चा ८ लिहिलेला. पार्ट बघायचा नाहीच, कागद जुळत नाही म्हणजे पार्ट नाही. तेव्हा राग आला होता. मग ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ चा दाराच्या जागचा अख्खा तुकडा हवेत उडून गेला, तपासात निघालं की चार बोल्ट बसवलेच नव्हते, आणि कारखान्यात तो भाग उघडल्याची नोंदच सापडेना. तो ३८ चा रेट याच भानगडीतून आला. तेव्हापासून रूट कार्ड मी स्वतः बघतो.

स्पर्धेचं पण सांगतो कारण इथं सगळे फसतात. बोइंग अडलं म्हणजे सगळी ऑर्डर एअरबसला, असं होत नाही. गणपतीच्या आठ दिवस आधी तुमच्या मूर्तिकारानं हात वर केले तर शेजारच्या मूर्तिकाराकडं मूर्ती मिळते का? त्याचं बुकिंग आधीच फुल. तसंच हे, एअरबसच्या लहान विमानांच्या जागा कित्येक वर्षं पुढपर्यंत भरलेल्या. शिवाय पायलट, मेकॅनिक, स्पेअर सगळं एका जातीच्या विमानावर बसवलेलं, आकासा एअरकडं सगळी ७३७ मॅक्सच आहेत, विमानं वेळेत येईनात म्हणून पायलट बसून राहिले तरी उद्या उठून ती दुसरीकडं जाऊ शकत नाही. तिसरा भिडू म्हणून चीनच्या सी९१९ चं नाव घेतात, ते मे २०२३ पासून प्रवासी नेतंय पण मुख्यतः तिकडंच, आणि त्याची इंजिनं बाहेरूनच येतात. म्हणून एकाची वाईट बातमी दुसऱ्याची चांगली बातमी समजून शेअर घेऊ नका, मशीन तर नाहीच नाही.

मग मशीन घ्यायचं कधी? वरच्या कंपनीला हे विचारा: कागद फोरकास्ट आहे का पीओ, एका विमानाला किती नग, अजून कोण बनवतंय, तुमच्याकडं स्टॉक किती, मटेरियल कोण देणार, आणि पेमेंट किती दिवसांनी. रेट खाली आला तर आम्ही आणलेल्या मटेरियलचं काय, हे लेखी घ्या, तोंडी आश्वासन चहाबरोबर संपतं. एएस ९१००, म्हणजे विमानाच्या कामाचं क्वालिटी सर्टिफिकेट, नसेल तर आधी त्याच्या मागं लागा, मशीन नंतर. आणि हायड्रॉलिकचं नाहीतर पंपाचं जुनं गिऱ्हाईक सोडू नका, भले त्यात मार्जिन कमी असू दे, मी निम्म्याच्या वर मशीन-तास विमानाला देत नाही.

भाच्यानं त्या वेळी आणलेलं मशीनचं कोटेशन अजून फाईलला आहे, त्याच्यावर पेन्सिलनं पीओ आल्यावर असं लिहिलंय. किंमत तेवढी दोनदा खोडून बदललीय त्यानं.