नदीकाठच्या मोटारीचा रेडिओ आदेश आस्कॉनने सुरक्षित करा

पंचगंगेकाठची मोटार शिवारातून रेडिओने चालवायची, तर संदेश नुसता गुप्त ठेवून भागत नाही. ‘चालू कर’ हा संदेश हवेतून टिपून कुणी मध्यरात्री जसाच्या तसा सोडला, तरी मोटार सुरू होते. म्हणून संदेश खरा आहे आणि ताजा आहे, दोन्ही तपासायला हवे.

आर्डुइनो युनो (आर३) या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या चिपमध्ये रॅम २ केबी. आस्कॉन हे छोट्या उपकरणांसाठीचे कूटलेखन; त्याची अंतर्गत अवस्था ४० बाइटांची, त्यामुळे ते सहज मावते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ते निवडले, २०२५ मध्ये त्याचे मानक आले. त्यातला आस्कॉन-एईएडी१२८ हाच प्रकार घ्या. एका टोकाला जुना आस्कॉन-१२८ राहिला तर टॅग (संदेश खरा असल्याची खूण) कधीच जुळत नाही आणि लोक अँटेना तपासत बसतात. मानकाची चाचणी-उदाहरणे आधी दोन्हीकडे चालवा.

गुप्त किल्ली १६ बाइटांची, लॅपटॉपवर ओपनएसएसएल या प्रोग्रॅमने काढलेली, प्रत्येक मोटारीला वेगळी. आर्डुइनोचे रँडम यासाठी वापरू नका, त्याचा क्रम ओळखता येतो. किल्ली भरल्यावर चिप बाहेरून वाचता येऊ नये म्हणून लॉक बिट लावा.

संदेशात उपकरण क्रमांक १ बाइट, दिशा १, मोजणी (संदेशाचा चढता क्रमांक) ४, आदेश १ आणि टॅग १६; एकूण २३. पहिले सहा बाइट उघडे जातात, पण टॅगच्या हिशोबात धरा. नॉन्स (एका किल्लीसोबत एकदाच वापरायचा आकडा) म्हणजे तेच सहा बाइट आणि पुढे दहा शून्ये. वेगळा पाठवायला नको. दिशेचा बाइट विसरलात तर दोन्ही टोके एकच नॉन्स वापरतील.

खरी अडचण लाईट गेल्यावर येते. मोजणी फक्त रॅममध्ये असेल तर ती पुन्हा शून्यापासून सुरू होते, जुने नॉन्स परत येतात आणि गुप्तता तिथेच संपते. ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) दर वेळी लिहावे, तर त्याची हमी १,००,००० लेखनांची. मिनिटाला एक स्थिती-संदेश धरला तर ६९ दिवसांत संपली. यावर उपाय सोपा आहे: ६४-६४ चे गट आधी राखून ठेवा. सुरू होताना साठवलेला आकडा वाचा, त्यात ६४ मिळवून लगेच लिहा, मगच वाचलेल्या आकड्यापासून संदेश पाठवा. गट संपला की पुन्हा तेच. मधले काही आकडे वाया जातील, जाऊ द्या. लिहितानाच लाईट जाऊ शकते, म्हणून तपासणी-बाइटासह दोन जागी आलटून पालटून लिहा. सुरू होताना तपासणीत बरोबर आलेल्यांपैकी मोठा आकडा घ्या.

मोटारीच्या बाजूला क्रम असा: आधी टॅग, सगळे १६ बाइट तुलना करून; पहिल्याच फरकाला थांबू नका, लागणाऱ्या वेळेवरून अंदाज बांधता येतो. मग मोजणी मागच्यापेक्षा मोठी आहे का ते पाहा. ती ईईप्रॉममध्ये लिहा आणि त्यानंतरच स्टार्टरचा रिले ओढा.

बसवण्याआधी एक संदेश टिपून पुन्हा सोडा. मग मोटारीकडची लाईट घालवून परत आणा आणि तोच संदेश आणखी एकदा सोडा. दोन्ही वेळा रिले हलता कामा नये.