हाय-ग्रेड एंडोमेट्रियल कॅन्सर: मार्कर वाचताना या चुका टाळा

ग्रेड ३ एंडोमेट्रिऑइड, सिरस, क्लिअर सेल की अनडिफरन्शिएटेड? गर्भाशयाच्या अस्तराच्या हाय-ग्रेड कॅन्सरमध्ये ट्युमर यांतल्या कोणत्या प्रकारचा, या उत्तरावर पुढची सगळी दिशा ठरते. दुसऱ्या मतासाठी माझ्याकडे स्लाइड्स येतात आणि त्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. आता चिडायचाही कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

मार्कर म्हणजे पेशीतलं ठरावीक प्रथिन. स्लाइडवर अँटिबॉडीने स्टेन केलं की ते असेल तिथे तपकिरी रंग येतो. पी५३ हे ट्युमर रोखणाऱ्या जनुकाचं प्रथिन, आणि सगळ्यात जास्त छळणारा शब्द म्हणजे 'पी५३ निगेटिव्ह'. या शब्दाला काहीही अर्थ नाही. निरोगी जनुक असलेल्या पेशीत हे प्रथिन थोडंसं बनतं आणि लगेच मोडलंही जातं. त्यामुळे काही न्यूक्लियस फिक्के तपकिरी, काही गडद आणि काही निळेच, असं संमिश्र चित्र दिसतं. हा झाला वाइल्ड-टाइप, म्हणजे न बिघडलेल्या जनुकाचा पॅटर्न. जनुकात मिसेन्स बदल (प्रथिनाचा एखादा घटक बदलणारा) असेल तर प्रथिन साचतं आणि जवळपास प्रत्येक न्यूक्लियस गडद होतो. हे ओळखायला कुणी चुकत नाही. पण बदलामुळे प्रथिन बनतच नसेल, तर ट्युमर पूर्ण कोरा राहतो. तो नल पॅटर्न, आणि तोही म्युटंटच, म्हणजे बिघडलेल्या जनुकाचा. सायटोप्लाझममध्ये रंग येणारा आणखी एक पॅटर्न आहे. तो दुर्मिळ आहे, पण डोक्यात असू द्या.

ही चूक माझ्याच हातून झालीय. उमेदवारीच्या काळात क्युरेटिंगचा (गर्भाशयाचं अस्तर खरवडून काढलेल्या तुकड्यांचा) एक नमुना आला. घट्ट, भरीव ट्युमर, अधूनमधून ग्रंथी. पी५३ कोरा. मी बिनधास्त 'पी५३ निगेटिव्ह, ग्रेड ३ एंडोमेट्रिऑइड' असं लिहून मोकळा झालो. त्या रिपोर्टवर शस्त्रक्रिया झाली आणि ओमेंटमचा (पोटातल्या चरबीच्या पडद्याचा, जिथे सिरस पसरू शकतो) नमुना घेतलाच गेला नाही. गर्भाशय आलं तर जागोजागी पॅपिली (बोटांसारखे उंचवटे), आणि पेशींचे झुपके सुटून पडलेले. चक्क सिरस. पी५३ पुन्हा कोरा, पण शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरात आणि लिम्फोसाइट्समध्ये फिकट तपकिरी ठिपके होते. जुनी स्लाइड काढून पाहिली. तेच ठिपके तिथेही होते, मी पाहिलेच नव्हते. सर्जनचा फोन आला, "डॉक्टर, आधी कळलं असतं तर ओमेंटम घेतलं असतं ना हो." काय बोलणार?

तेव्हापासून पी५३ची स्लाइड लावली की आधी ट्युमर बघत नाही. आधी स्ट्रोमा (ट्युमरभोवतीची आधार-ऊती) शोधतो, तिथे तपकिरी ठिपका दिसला की मगच ट्युमरकडे वळतो. ठिपका नसेल तर ती स्लाइड नल नव्हे, नापास. बऱ्याचदा त्यामागे न उघडता अख्खं फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेलं गर्भाशय असतं. बाहेरून कडक, आतून कुजलेलं. अशा वेळी मी क्युरेटिंगचा ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) मागवून त्यावर स्टेन करतो. लहान तुकडे नीट फिक्स झालेले असतात.

दुसरी चूक, 'ग्रंथी दिसल्या, म्हणजे एंडोमेट्रिऑइड'. सिरस कॅन्सरही छान ग्रंथी करतो. रचना सभ्य आणि न्यूक्लियस मात्र बेफाम, अशी विसंगती दिसली की थांबा. अशा वेळी मी पी५३, पी१६ (पेशीविभाजनाला लगाम घालणारं प्रथिन), ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) आणि एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं) एवढंच मागवतो. सिरसमध्ये पी१६ सलग आणि गडद येतो, एंडोमेट्रिऑइडमध्ये सहसा ठिगळांसारखा. ईआरवर मात्र विसंबू नका, सिरसमध्येही तो बऱ्याचदा पॉझिटिव्ह असतो. पीटेन किंवा एआरआयडी१ए (ट्युमर रोखणारी आणखी दोन प्रथिनं) गेलेलं असेल, एमएमआर प्रथिन हरवलेलं असेल, तर पारडं एंडोमेट्रिऑइडकडे झुकतं. आणि पी५३ म्युटंट आला म्हणून डोळे मिटून 'सिरस' लिहू नका. ग्रेड ३ एंडोमेट्रिऑइडमध्येही तो येतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. सायटोप्लाझम पांढरं दिसलं म्हणून क्लिअर सेल होत नाही, एंडोमेट्रिऑइडमध्येही ग्लायकोजेन साठतं. क्लिअर सेल ओळखायला नॅप्सिन ए आणि एचएनएफ१बी हे मार्कर मदत करतात, पण एचएनएफ१बी तर साध्या सिक्रिटरी एंडोमेट्रियममध्येही (पाळीच्या उत्तरार्धातल्या निरोगी अस्तरातही) रंगतो. सिरसमध्ये डब्ल्यूटी१ हा मार्कर पॉझिटिव्ह असला की तो ट्यूब किंवा ओव्हरीतून आल्याचा संशय घ्या, पण एंडोमेट्रियमचे काही सिरसही तो दाखवतात. एमएमआर प्रथिनांपैकी एमएलएच१ गेलं की पीएमएस२ही जातंच, त्याला दोन वेगळे दोष समजू नका. आणि लिंच सिंड्रोमचं (कॅन्सरच्या आनुवंशिक धोक्याचं) नाव काढून घरच्यांना घाबरवण्याआधी एमएलएच१ मेथिलेशन (जनुक न बिघडता नुसतं बंद पडणं) तपासा. भरीव ट्युमरमध्ये पेशी एकमेकींना धरून नसतील, केराटिन (अस्तर-पेशींचं प्रथिन) तुरळक असेल आणि पॅक्स८ (गर्भाशय-अस्तराकडे बोट दाखवणारा मार्कर), ईआर दोन्ही नसतील, तर 'ग्रेड ३' लिहून पळ काढू नका. अनडिफरन्शिएटेडचा विचार करा.

आता नव्या मंडळींचा लाडका शॉर्टकट. एच अँड ई (गुलाबी-जांभळ्या रंगाची नेहमीची पहिली स्लाइड) नीट न बघताच बारा अँटिबॉडीज एकदम मागवायच्या. उत्तरं एकमेकांशी भांडायला लागली की स्लाइड घेऊन, "सर, आता काय लिहू?" पहिली दहा मिनिटं एच अँड ईवर घालवली असती, तर निम्मे स्टेन लागलेच नसते.

शिवाय बारा स्टेनमध्ये क्युरेटिंगचा इवलासा ब्लॉक संपतो. मग ऑन्कॉलॉजिस्ट पीओएलई (डीएनएची नक्कल करणाऱ्या एन्झाइमचं जनुक) बदललंय का, हे विचारतात. २०१३ साली टीसीजीएच्या (कॅन्सरच्या जनुकांचा नकाशा काढणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाच्या) अभ्यासाने केलेल्या चार गटांत सगळ्यात चांगलं भवितव्य याच बदलाच्या गटाचं निघालं. रोगकारक पीओएलई बदल सापडला, तर सोबत पी५३ बिघडलेला असला तरी ट्युमर त्याच गटात जातो. पण हा बदल कुठल्याही स्टेनमध्ये दिसत नाही, त्याला डीएनए लागतो, आणि ब्लॉकमध्ये उरलेलं असतं फक्त मेण. म्हणून ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) चढला की मी त्याच बैठकीत दहा कोऱ्या स्लाइड्स कापून घेतो आणि डब्यावर लिहून ठेवतो: 'विचारल्याशिवाय हात लावू नये'.